दोन मित्र, दोन रेषा आणि दोनशे चाळीस ताटं



आपल्याकडे बऱ्याच घरांत आजी-आजोबा धुळे, नंदुरबार, जळगावकडे मराठीतून शिकलेले, आई-वडील इथल्या महानगरपालिकेच्या मराठी शाळेत आणि नातवंडं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात, असा प्रकार असतो. त्यामुळे दहावीचं गणिताचं पुस्तक उघडलं की पहिला अडथळा गणिताचा नसतो, शब्दांचा असतो. महाराष्ट्रातलं पुस्तक म्हणतं ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. इथलं गुजराती पुस्तक म्हणतं ‘द्विचल सुरेख समीकरणयुग्म’. आमच्या वेळी याला ‘एकसामयिक समीकरणं’ म्हणत. रेषेच्या तिरकेपणाला मराठीत ‘चढ’ म्हणतात आणि गुजरातीत ‘ढाळ’. रस्ता तोच, आपण खाली उभं राहून बघतो आणि ते वर उभं राहून, एवढंच!

या प्रकरणात एक छोटा तक्ता असतो. दोन समीकरणं दिली तर त्यांच्या रेषा एकमेकींना छेदतील, समांतर राहतील की एकमेकींवर तंतोतंत बसतील, हे आलेख न काढता सहगुणकांच्या गुणोत्तरांवरून ओळखायचं. मुलं तो तक्ता पाठ करतात, पेपरात दोन मार्क मिळवतात आणि विसरतात. मी बी.कॉम.चा माणूस, गणिताचा प्राध्यापक नव्हे. पण बँकेत इतकी वर्षं आकडे जुळवल्यावर माझं मत असं झालंय की त्या प्रकरणातली सगळ्यांत उपयोगाची गोष्ट हा तक्ताच आहे. कुठली माहिती खरोखर नवी आहे, कुठली जुनीच वेष बदलून आली आहे आणि कुठली आधीच्या माहितीशी भांडते आहे, हे तो सांगतो.

सुरुवात आपल्या खानदेशातूनच करू. चाळीसगावजवळ पाटणादेवीला तुमच्यापैकी अनेक जण गेले असतील. त्या पाटण गावातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापन केला, असं त्यात कोरलेलं आहे. भास्कराचार्यांचा जन्म इसवी सन १११४ चा. वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचा एक भाग आणि ‘बीजगणित’ हा दुसरा.

आपण अज्ञात संख्येला क्ष आणि य म्हणतो. ते पहिल्या अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि पुढच्यांना रंगांची नावं देत: कालक, नीलक, पीतक, लोहितक. म्हणजे काळा, निळा, पिवळा, तांबडा. डाइंग मिलच्या या गावात ही पद्धत मुलांना क्ष-य पेक्षा लवकर पटेल, असं मला उगाच वाटतं.

त्या ‘बीजगणिता’तलं एक उदाहरण दहावीच्या पुस्तकातही आलेलं आहे. दोन मित्र आहेत. पहिला म्हणतो, तू मला शंभर दिलेस तर माझ्याकडे तुझ्या दुप्पट पैसे होतील. दुसरा म्हणतो, त्यापेक्षा तूच मला दहा दे, मग माझ्याकडे तुझ्या सहापट होतील. तर प्रत्येकाकडे किती?

पहिल्याकडे क्ष आणि दुसऱ्याकडे य धरू. पहिल्याच्या बोलण्यावरून क्ष + १०० = २(य − १००). दुसऱ्याच्या बोलण्यावरून य + १० = ६(क्ष − १०). कंस सोडवून, क्ष आणि य डावीकडे आणि नुसता आकडा उजवीकडे मांडला की:

क्ष − २य = −३००
६क्ष − य = ७०

पहिल्या समीकरणाला एकटंच घेतलं तर त्याची उत्तरं अगणित आहेत. क्ष शून्य असेल तर य १५०, क्ष १०० असेल तर य २००. असे बिंदू आलेख कागदावर मांडत गेलो की सगळे एका सरळ रेषेत येतात. रेषा म्हणजे त्या एका वाक्याला मान्य असलेल्या सगळ्या शक्यता, बस्स. दुसऱ्या वाक्याचीही अशीच रेषा निघते: क्ष २० तर य ५०, क्ष ५० तर य २३०. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतील तर उत्तर दोन्ही रेषांवर असलं पाहिजे, म्हणजे त्या जिथे छेदतात तिथे. तो बिंदू (४०, १७०). ताळा करून बघा. चाळिसात शंभर मिळवले तर १४०, आणि १७० मधले शंभर गेले तर ७०. दुप्पट झाले. उलट दिशेने १८० आणि ३०, सहापट झाले.

आता भास्कराचार्यांची क्षमा मागून मी दुसऱ्या मित्राचं बोलणं बदलतो. समजा तो म्हणाला, “शंभर कशाला? चाळीस दिले तरी तू माझ्या दुप्पट होशील.” म्हणजे क्ष + ४० = २(य − ४०), आणि मांडणी करून क्ष − २य = −१२०. डावी बाजू पहिल्या समीकरणासारखीच, पण उजवीकडे −३०० ऐवजी −१२०. एकच राशी एकाच वेळी दोन वेगळ्या किमतींची कशी असेल? दोन्ही रेषांचा चढ सारखा आणि जागा वेगळी, त्या कितीही वाढवल्या तरी भेटणार नाहीत. समांतर. उत्तर नाही. याला ‘विसंगत’ म्हणतात आणि शब्द अगदी नेमका आहे. समीकरणं चुकलेली नसतात, दोन मित्रांपैकी एकाचं बोलणं खोटं असतं.

किंवा समजा दुसरा म्हणाला, “खरंय, शंभर दिले की माझ्याकडे तुझ्या निम्मेच उरतील.” ऐकायला दुसरं वाक्य, पण सांगितलं काय? तेच! य − १०० ची दुप्पट म्हणजे क्ष + १००. मांडणी केली तर −क्ष + २य = ३००. पहिल्याला −१ ने गुणलं की हेच मिळतं. एक रेषा दुसरीवर तंतोतंत बसते, आणि उत्तरं पुन्हा अगणित. म्हणजे दुसरा मित्र गप्प बसला असता तरी आपलं काही बिघडलं नसतं.

आता पुस्तकातला तक्ता पाहा. दोन्ही समीकरणांतल्या क्ष च्या सहगुणकांचं गुणोत्तर, य च्या सहगुणकांचं गुणोत्तर आणि उजवीकडच्या स्थिरपदांचं गुणोत्तर घ्यायचं. पहिली दोन वेगळी असली की रेषा छेदणार. मूळ उदाहरणात १/६ आणि −२/−१ म्हणजे २. वेगळी आहेत, म्हणून एक आणि एकच उत्तर. पहिली दोन सारखी पण तिसरं वेगळं असलं की समांतर: १, १ आणि −३००/−१२० म्हणजे ५/२. तिन्ही सारखी असली की एकच रेषा: −१, −१, −१.

मुलं चुकतात ती बहुधा मांडणीत. एका समीकरणात आकडा डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे ठेवून गुणोत्तर काढलं तर चिन्ह उलटतं आणि एकावर एक बसणाऱ्या रेषा कागदावर समांतर ठरतात. आधी दोन्ही समीकरणं एका साच्यात आणा, मग तुलना. बँकेत दोन महिन्यांची पत्रकं जुळवताना रकाने आधी सारखे लावायचे, तसंच.

भास्कराचार्यांनी मात्र हे आलेखाने सोडवलं नव्हतं. समीकरणाला रेषा मानण्याची पद्धत युरोपात रने देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथानंतर रुळली. तिचा एक सुंदर वापर आपल्या गावाकडच्या वाटेवरच आहे. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गाड्यांचा तक्ता असतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थानकं आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. रेघेचा चढ म्हणजे वेग. त्याच दिशेने, त्याच वेगाने, तासाभराने सुटलेली गाडी म्हणजे समांतर रेषा. ती पुढच्या गाडीला कधी गाठत नाही. समोरून येणाऱ्या गाडीची रेघ मात्र छेदणारच. उधना-जळगाव मार्ग आता दुहेरी झाला, पण तो एकेरी होता तेव्हा हा छेदनबिंदू कुठल्या तरी स्थानकावरच आणावा लागे, कारण दोन स्थानकांच्या मधे तो आला तर काय होईल हे सांगायला नको. आपण ‘क्रॉसिंगला गाडी उभी आहे’ म्हणून वैतागायचो, ते खरं तर दोन रेषांचं उदाहरण सुटायची वाट बघणं होतं.

आता या तक्त्याचा मला प्रत्यक्षात उपयोग झाला तो प्रसंग. एका मंडळाचा आहे, नाव सांगत नाही. गणेशोत्सवातलं स्नेहभोजन होतं. मोठ्यांचं कुपन १०० रुपयांना, मुलांचं ६० ला. कुपनं देण्याचं आणि पैसे घेण्याचं काम कॉलेजातल्या एका मुलाकडे. भर पावसात टेबलावरच्या ताडपत्रीतून पाणी गळलं आणि कुपनांच्या स्थळप्रतींचा लगदा झाला. पेटीत रोख २१,६०० रुपये निघाले. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितलं, “मी पंगतीत बघत होतो. मोठे दोनशे तरी होते, मुलं चाळीस.” तसं असेल तर २२,४०० जमायला हवे होते. म्हणजे ८०० रुपये कमी. मुलाला कोणी तोंडावर काही म्हणालं नाही, पण त्याचं यायचं बंद झालं. त्याची आई माझ्याकडे आली, तुम्ही बँकेतले, एकदा हिशेब बघा म्हणाली. रक्कम फार नव्हती, पण वय वर्षं एकोणीस आणि चारचौघांत नाव, हे आठशे रुपयांपेक्षा मोठं असतं.

मोठे क्ष, मुलं य. आचाऱ्याने ताटं मोजली होती, २४०. म्हणजे क्ष + य = २४०. दोन्ही बाजूंना हे मान्य होतं, कारण २०० आणि ४० ची बेरीजही २४० च होते.

मुलाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पुरावे आणले. पाण्याच्या बाटल्या प्रत्येकाला एक, आणि संपल्या २४०. प्रत्येक ताटात मोजून दोन मोदक होते, पण हलवायाचं बिल निघालं ५०० मोदकांचं. २क्ष + २य = ५००, म्हणजे क्ष + य = २५०. ताटांच्या रेषेला समांतर! लगेच चर्चा सुरू झाली की दहा जण कुपन न घेता जेवले. समांतर रेषा दिसली की कागदावर आकडेमोड करून काही होत नाही, उठून चौकशीला जावं लागतं. मी स्वयंपाकघरात विचारलं. वीस मोदक आरतीच्या नैवेद्यासाठी आधीच बाजूला काढले होते. उरले ४८०. २क्ष + २य = ४८०, आणि समांतर रेषा सरकून ताटांच्या रेषेवर जाऊन बसली.

सगळ्यांना बरं वाटलं. ताटं जुळली, बाटल्या जुळल्या, मोदक जुळले, तीन-तीन पुरावे! पण १/२, १/२ आणि २४०/४८०, तिन्ही गुणोत्तरं सारखी. हे तीन साक्षीदार नव्हते, एकच साक्षीदार तीनदा बोलत होता. एकूण माणसं २४० होती एवढीच गोष्ट त्यांनी पक्की केली. त्यात मुलं किती, याबद्दल मोदकाला काही माहीत नव्हतं, कारण लहान-मोठा सगळ्यांना दोनच मोदक. मुलावरचा संशय या पुराव्यांनी खरा ठरत नव्हता आणि दूरही होत नव्हता.

मग एका शिक्षक सभासदांनी रोख रक्कम धरून समीकरण मांडलं:

क्ष + य = २४०
१००क्ष + ६०य = २१,६००

गुणोत्तरं १/१०० आणि १/६०, वेगळी, म्हणून रेषा छेदतात. उत्तर क्ष = १८०, य = ६०. “बघा, पूर्णांकात उत्तर आलं, हिशेब बरोबर,” असं म्हणून ते खाली बसले. माझा जीव त्या मुलाच्या बाजूने होता, तरी मला उठून सांगावं लागलं की यानेही काही सिद्ध होत नाही. चढ वेगळा असला की दोन रेषा कुठे तरी भेटणारच. पेटीत २०,८०० असते तर उत्तर आलं असतं १६० आणि ८०, तेही पूर्णांकात. रक्कम बरोबर आहे असं धरून काढलेल्या उत्तरावरून रक्कम बरोबर आहे असं कसं म्हणणार? बँकेच्या तपासणीत ही चूक मी शिकल्यासवरल्या माणसांकडून अनेकदा पाहिली आहे.

हवी होती तिसरी रेषा. पैशाच्या पेटीशी संबंध नसलेली आणि मोठे-लहान यांत फरक करणारी. मी त्या संध्याकाळी आणखी काय-काय वाटलं ते विचारत गेलो. फुलं, अत्तर, पानसुपारी, आणि मग एका ताईंनी सहज सांगितलं की मुलांच्या कुपनावर एकेक कंपासपेटी दिली होती. वाटायला त्या स्वतः बसल्या होत्या, पैशाच्या टेबलापासून लांब. आणल्या होत्या ७५, बिल होतं. कपाटात उरलेल्या आम्ही सगळ्यांसमोर मोजल्या. १५.

य = ६०. आलेखावर ही आडवी रेषा. ताटांची रेषा (२४०, ०) आणि (०, २४०) मधून जाते, दोघींचा छेद (१८०, ६०). यात रोख रकमेचा अजून कुठेच उल्लेख नाही. आता हिशेब करा: १८० गुणिले १०० म्हणजे १८,००० आणि ६० गुणिले ६० म्हणजे ३,६००. बेरीज २१,६००. पेटीतली रक्कम तेवढीच. रोख रकमेची रेषा, (२१६, ०) आणि (०, ३६०) मधून येणारी, त्याच बिंदूतून गेली. दोन रेषा कुठेही भेटतात, पण वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या तीन रेषा एकाच बिंदूत भेटल्या तर त्याला अर्थ असतो. आमच्या ज्येष्ठांनी पंगतीत जे पाहिलं ते अंदाजाने. उंच नववी-दहावीतली मुलं त्यांना मोठी वाटली असतील. त्यांनी ते मोकळेपणाने कबूल केलं, हे नमूद केलं पाहिजे.

या ठिकाणी चाणाक्ष विद्यार्थी विचारेल, की य = ६० मध्ये क्ष चा सहगुणक शून्य, मग गुणोत्तर १/० येतं, त्याचं काय? बरोबर आहे. शून्याने भागता येत नाही, म्हणून तिथे भागाकार सोडून तिरका गुणाकार करायचा. पहिल्याचा क्ष चा सहगुणक गुणिले दुसऱ्याचा य चा, वजा दुसऱ्याचा क्ष चा गुणिले पहिल्याचा य चा. इथे १ × १ − ० × १ = १. उत्तर शून्य नाही, म्हणजे रेषा छेदतात. शून्य आलं तर समांतर किंवा एकच, आणि त्यापुढे स्थिरपदं बघायची. महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकात ‘निश्चयक’ म्हणून जो प्रकार आहे तो हाच. गुजरातेतला नातू गुणोत्तरं म्हणतो आणि पुण्याची मावसबहीण निश्चयक म्हणते, तेव्हा दोघं एकच काम करत असतात.

पुस्तकात एक गोष्ट सांगत नाहीत, ती जाता जाता. रेषा छेदतात म्हणजे काम झालं असं नाही, किती तिरक्या छेदतात तेही बघावं. पुढच्या वर्षी कार्यकारिणीत सूचना आली की मुलांचं कुपन ९० रुपये करा, महागाई वाढली आहे. मी विरोध केला, तेव्हा लोकांना वाटलं मला मुलांची दया आली. ती आलीच होती, पण कारण वेगळंही होतं. १०० आणि ६० च्या दरात रोख मोजताना शंभर रुपये इकडे-तिकडे झाले तर मुलांच्या संख्येत अडीचचा फरक पडतो. १०० आणि ९० च्या दरात त्याच शंभर रुपयांच्या चुकीने दहा मुलांचा फरक पडतो, कारण ती रेषा ताटांच्या रेषेला जवळजवळ समांतर होते आणि जराशा धक्क्याने छेदनबिंदू दूर सरकतो. दर सारखेच केले तर रेषा समांतरच, आणि मग रोख रकमेवरून मुलं किती हे कधीच कळणार नाही.

शेवटी मोठ्यांचं कुपन १२० झालं आणि मुलांचं ६० च राहिलं. स्थळप्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं ठरलं. पैशाच्या टेबलावर तोच मुलगा बसला, आणि कंपासपेट्यांची यादी त्याने स्वतःहून मागून घेतली.